पंधरा वॅटचा रिसीव्हर, नवे स्पीकर आणि ‘वॅट’चा गुंता

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात शिरलं, तेव्हा हातानं उचलता येईल ते माळ्यावर गेलं. रिसीव्हर (रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच पेटीत) गेला, कॅसेटी आणि तबकड्या गेल्या. स्पीकरचे मोठे खोके मात्र खालीच राहिले. पाणी ओसरल्यावर पाहिलं तर भुशाच्या दाबपाट्या फुगून उकलल्या होत्या आणि आवाज काढणाऱ्या कागदी कोनांचा लगदा झाला होता. आमच्याही घरात हेच झालं. २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं. जुना रिसीव्हर धडधाकट आणि स्पीकर गेलेले, अशी काही घरं इथं आहेत ती त्यामुळं. काहींचे स्पीकर पुराविनाच गेले. कोनाभोवतीची फोमची कड दमट हवेत पंधरा-वीस वर्षांत भुगा होऊन गळते. रबराची आणि कापडाची तग धरते.

नवे घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो, “किती वॅटचे देऊ?” प्रश्न मुळातच चुकीचा आहे, आणि तो असा का पडू लागला याला पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगतो. कोन आणि कॉइलचा आजचा स्पीकर १९२५ च्या सुमाराचा. तेव्हा वॅट दुर्मीळ होते. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमधून निघणाऱ्या मोजक्या वॅटांवर अख्खं थिएटर ऐकवायचं, म्हणून कर्णे आले. जत्रेतल्या तंबू टॉकीजनं त्याच हिशोबावर गावं गोळा केली. मिरजेचा तंबोरा पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको: बोटाची छेड एवढीशी असते, पण भोपळा आणि तबली ती हवेपर्यंत नीट पोचवतात. मग १९५४ मध्ये अमेरिकेत हवाबंद खोक्याचा लहान स्पीकर बाजारात आला. आत कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करू लागली आणि पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या खोक्यातून खोल बास निघाला. बदल्यात वॅट जास्त लागू लागले. लहान खोकं, खोल बास आणि थोडक्या वॅटात मोठा आवाज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. हा नियम तेव्हाही होता, आजही आहे.

सत्तरच्या दशकातले जपानी-अमेरिकी रिसीव्हर इकडं पोचले ते मुंबईहून किंवा आखातातून सुट्टीवर आलेल्या नातेवाइकांच्या सामानातून. त्यातले सुरुवातीच्या किमतीचे बहुतेक सेट चॅनलमागे (डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला) दहा ते वीस वॅटांचे होते. त्यांची एफएमची पट्टी इथं कित्येक वर्षं नुसतीच उजळायची. ऐकायचं ते मध्यम लहरींवरचं सांगली केंद्र. जोडीला दहा-बारा इंची वूफरचे (बास वाजवणाऱ्या कोनाचे) मोठे खोके असत, आणि त्या जोडीत पंधरा वॅट कमी आहेत असं कुणाला वाटत नसे.

कमी वाटू लागले ते आकडे फुगल्यावर. ८ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) स्पीकरवर १५ वॅट म्हणजे जवळपास ११ व्होल्ट. हाच व्होल्टेज लाटेच्या टोकावर साडेपंधरापर्यंत जातो आणि त्या क्षणापुरते ३० वॅट निघतात. दोन्ही चॅनल मिळून ६० झाले. त्यात ‘क्षणभर झेपणारा जोर’ धरला की आणखी वर. म्हणजे एकच सेट एका जाहिरातीत १५ चा, दुसरीत ६० चा, आणि बेरीज दोन्हीकडं बरोबर! साठच्या दशकात अमेरिकेत हे इतकं बोकाळलं की १९७४ मध्ये तिथं सरकारी नियम आला. दोन्ही चॅनल एकाच वेळी चालवून मोजायचं. किती ओहमवर, कोणत्या कंपनसंख्यांमध्ये आणि किती विकृतीसह (आवाज किती बिघडून) मोजलं ते लिहायचं. मोजण्याआधी सेट तासभर एक-तृतीयांश ताकदीवर तापवायचा.

वाद झाला तो या शेवटच्या अटीवर. त्या काळच्या अशा सेटमधल्या अँप्लिफायरचे ट्रान्झिस्टर सर्वांत जास्त तापतात ते पूर्ण ताकदीच्या साधारण ४० टक्क्यांवर. एक-तृतीयांश म्हणजे जवळजवळ तेच ठिकाण. कारखानदार म्हणत, गाणं असं सलग कधी वाजत नाही. सरासरी फार खाली असते. या चाचणीसाठी उगाच उष्णता बाहेर टाकणारे मोठे हीटसिंक आणि जड ट्रान्सफॉर्मर घालावे लागतात आणि भार गिऱ्हाइकावर पडतो. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी मला ती अट योग्यच वाटते. त्या काळातला १५ वॅटचा सेट उचलून पाहावा. पन्नास वर्षांनंतरही तो चालतो त्यात त्या वजनाचा वाटा आहे. पुढं ही अट एक-अष्टमांशावर आणली गेली, आणि २०२४ मध्ये नियम पुन्हा बदलून ओहम, कंपनसंख्या आणि विकृती यांच्या मर्यादा ठरवून दिल्या.

नियमाचा दुसरा परिणाम असा की आकडा खरा झाला आणि मग त्या खऱ्या आकड्याचीच शर्यत लागली. १९७८ मध्ये एका जपानी रिसीव्हरवर चॅनलमागे २७० वॅट लिहिलेले होते. १५ वॅटवाला सेट तिथून ‘कमजोर’ ठरला.

आपल्याकडं नव्वदच्या दशकात ‘पीएमपीओ’ (पीक म्युझिक पॉवर आउटपुट) आलं. टू-इन-वनच्या पुठ्ठ्यावर हजार वॅट छापलेले, आणि मागच्या पट्टीवर विजेचा खप ४०-५० वॅट. या शब्दाला सगळ्यांनी मान्य केलेली व्याख्याच कधी नव्हती. तो शब्द मागं पडला, पण त्यानं लावलेली सवय राहिली. त्यात भर म्हणजे स्पीकरच्या मागं लिहिलेले वॅट वेगळ्याच गोष्टीचे असतात. १०० वॅट म्हणजे कॉइल जळण्याआधी एवढं सोसेल, एवढाच अर्थ. तेवढे दिलेच पाहिजेत, असं त्यात कुठंही नाही. १५ वॅटवर १०० वॅटचा स्पीकर ‘चालणार नाही’ हे मी मिरजेत आणि विश्रामबागेत, दोन्हीकडं ऐकलंय.

पाहायचा आकडा सेन्सिटिव्हिटीचा: एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल (आवाजाचं माप). ताकद दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात. म्हणून ९१ डेसिबलच्या स्पीकरला १५ वॅटांत जेवढा आवाज मिळतो, तेवढ्यासाठी ८५ च्याला ६० वॅट लागतात. दहा बाय बाराच्या खोलीत गप्पा मारता येतील अशा आवाजाला एक वॅटही पुरतो. बाकीचे तबल्याच्या थापेसाठी.

इथंही एक मेख आहे. पुष्कळ ठिकाणी हा आकडा एका वॅटऐवजी २.८३ व्होल्टवर मोजतात. ८ ओहमला तो एक वॅटच होतो, पण ४ ओहमला दोन. म्हणजे ४ ओहमच्या ९० मधून ३ वजा करून वाचायचं. शिवाय जुन्या सेटला ४ ओहमचा भार जड जातो, आणि स्पीकरच्या ए व बी अशा दोन्ही जोड्या एकत्र लावल्या तर आणखीच. ८ ओहम लिहिलेल्या स्पीकरनं कुठंही ६.४ च्या खाली जाऊ नये असं मानक आहे. ते न पाळणारे नवे स्पीकर बरेच आहेत. त्यामुळं किमान ओहम विचारून घ्यावेत.

अलीकडं क्लास डी या कमी तापणाऱ्या अँप्लिफायरमुळं वॅट स्वस्त झाले आणि स्पीकर करणाऱ्यांनी त्याचा फायदा घेतला: अरुंद खोकं, लहान पण जड कोन, ८४ ते ८७ डेसिबल. आजच्या अँप्लिफायरला ते जमतं. माळ्यावरून उतरवलेल्या रिसीव्हरची त्यात दमछाक होते. म्हणून काही जण सुताराकडून मरीन प्लायचे खोके करून घेतात आणि वूफर-ट्वीटर (ट्वीटर म्हणजे बारीक सुरांचा लहान स्पीकर) मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणतात. खोक्याचं माप काढायचं गणित १९६० आणि ७० च्या दशकांत ऑस्ट्रेलियात नीट मांडलं गेलं, आता ते फोनवर होतं.

९५ डेसिबलचं खोकं कपाटाएवढं होतं. गावभागात ते कुणी करत नाही. इथं आठ इंची वूफर, ८ ओहम, ८९-९० डेसिबल आणि एका माणसाला जिन्यावरून माळ्यापर्यंत नेता येईल एवढं वजन, असा हिशोब धरतात. आमची जोडी गेल्या उन्हाळ्यात झाली. एक खोकं अकरा किलो भरलं.