व्हर्च्युअल सर्किट : राउटर कार्डावरील मांडणी

दोन ठिकाणांमध्ये स्वतंत्र तार न ओढता, सामायिक जाळ्यातूनच ठरावीक वाट आखून देणारी तार्किक जोडणी. कायमच्या जोडणीस पीव्हीसी, तर गरजेपुरत्या उभारलेल्या जोडणीस एसव्हीसी म्हणतात. राउटरच्या इंटरफेस कार्डावरील एकाच पोर्टातून अशी अनेक सर्किटे नेता येतात.

या कल्पनेचे जनकत्व वादग्रस्त आहे. सीसीआयटीटी या आंतरराष्ट्रीय दूरसंचार मानक समितीने १९७६ मध्ये संमत केलेल्या एक्स.२५ या पॅकेट-जाळ्यांच्या शिफारशीने तिला प्रमाणरूप दिले. त्या घडणीत अमेरिकेतील टेलेनेट सेवेचे लॅरी रॉबर्ट्स यांचा मोठा वाटा होता, म्हणून काही लेखक श्रेय तिकडे देतात. तथापि फ्रान्समधील सीएनईटी या दूरसंचार संशोधन संस्थेत रेमी देप्रे यांनी सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात उभारलेले आरसीपी हे प्रायोगिक जाळे आधीचे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्याच देशात, त्याच सुमारास लुई पुझँ यांचे सिक्लाद जाळे नेमक्या उलट, म्हणजे डेटाग्रॅमच्या तत्त्वावर चालत होते; त्यात वाट आधी न आखता प्रत्येक पॅकेट स्वतंत्रपणे जाते.

अशी सर्किटे वापरणारी दोन तंत्रे म्हणजे फ्रेम रिले (कमीजास्त लांबीच्या चौकटी नेणारे) आणि एटीएम (असिंक्रोनस ट्रान्सफर मोड, ‘सेल’ नावाच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत माहिती नेणारे). फ्रेम रिलेमध्ये सर्किटाची ओळख सहसा दहा बिटांच्या डीएलसीआय क्रमांकाने पटते; एटीएममध्ये व्हीपीआय (वाटेचा क्रमांक) व व्हीसीआय (वाटेतल्या सर्किटाचा क्रमांक) अशी जोडी द्यावी लागते; ती व्हीपीआय/व्हीसीआय अशी लिहितात. व्हीसीआयचे ० ते ३१ हे क्रमांक राखीव आहेत : ०/५ सिग्नलिंगसाठी (जोडणी उभारण्याचे संदेश), ०/१६ आयएलएमआयसाठी (कार्ड व स्विच यांमधील व्यवस्थापनाचे संदेश). क्रमांकाला अर्थ असतो तो कार्ड आणि लगतचा स्विच यांच्यापुरताच. पुण्याच्या राउटरवर ०/४० असलेले सर्किट नागपूरला ०/५२ म्हणून उतरू शकते, कारण वाटेतला प्रत्येक स्विच आपल्या तक्त्याप्रमाणे क्रमांक बदलतो. दोन्ही टोकांना एकच क्रमांक हवा, हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो.

मांडणीत प्रत्येक सर्किटाला बहुधा स्वतंत्र सब-इंटरफेस, म्हणजे त्याच पोर्टाचा तार्किक उपविभाग, देतात. सगळी सर्किटे एकाच इंटरफेसवर ठेवल्यास स्प्लिट होरायझनच्या (मार्ग ज्या इंटरफेसवरून कळला त्यावरूनच परत न सांगण्याच्या) नियमामुळे एका शाखेकडून कळलेला मार्ग दुसरीला सांगितला जात नाही. मग येतो एन्कॅप्सुलेशनचा, म्हणजे पॅकेट एटीएममध्ये कसे गुंडाळायचे याचा प्रश्न. आरएफसी १४८३ या इंटरनेट मानक-दस्तऐवजाने आणि १९९९ मध्ये तिची जागा घेणाऱ्या आरएफसी २६८४ ने दोन पद्धती दिल्या : एलएलसी-स्नॅप (प्रत्येक पॅकेटापुढे प्रोटोकॉल सांगणारे शीर्षक) आणि व्हीसी-मक्स (शीर्षक नाही, एका सर्किटावर एकच प्रोटोकॉल). फरक किरकोळ भासतो, पण हिशोब पाहावा. एटीएमचा सेल ५३ बाइटांचा, त्यात माल ४८ बाइटांचा. टीसीपीची (इंटरनेटवरील पोहोच-हमीच्या प्रोटोकॉलची) नुसती पोच ४० बाइटांची. तीत एएएल५ चे (पॅकेटाचे सेलांत तुकडे करणाऱ्या थराचे) शेपूट ८ बाइट मिळवले की व्हीसी-मक्समध्ये बरोबर एक सेल भरतो. एलएलसी-स्नॅपचे आणखी ८ बाइट आले, की दुसरा सेल पाठवावा लागतो आणि त्यातली बहुतेक जागा नुसती भरताड. ४८ हा आकडाही तडजोडीचाच आहे : युरोपचा कल ३२ कडे, अमेरिकेचा ६४ कडे होता. सेकंदाला ६४ किलोबिट वेगाच्या आवाजाने ४८ बाइट भरायला ६ मिलिसेकंद लागतात. ३२ ला ४ लागले असते आणि फ्रान्सला प्रतिध्वनिरोधकांची गरज पडली नसती.

पलीकडचे टोक मेले तरी कार्डाचा पोर्ट ‘अप’च दिसतो, म्हणून ओएएम लूपबॅक सेल (पलीकडे जाऊन परत येणारे तपासणीचे सेल) चालू ठेवणे इष्ट.

एमपीएलएस (पॅकेटांना लेबले लावून वाट दाखवणारे तंत्र) व इथरनेटने मोठ्या जाळ्यांतून एटीएमला हटवले. भारतात ते एडीएसएल (टेलिफोन तारेवरील ब्रॉडबँड) मोडेमांत टिकले : बीएसएनएलसाठी ०/३५, मुंबईत एमटीएनएलसाठी ०/३२.