शिरेतून दिले जाणारे पॅरासिटामॉल आणि त्याचा हिशेब

पावसाळा सरू लागला की सोलापुरातील दवाखान्यांचे बाक तापाच्या रुग्णांनी भरून जातात आणि तपासणी संपता संपता नातेवाइकांकडून एक मागणी हमखास पुढे येते : "डॉक्टरसाहेब, गोळ्यांनी काय फरक पडत नाही, एक सलाईनच लावा की." पोटातून जाणारे औषध सौम्य आणि शिरेतून जाणारे जालीम, अशी ठाम समजूत या मागणीमागे असते. ग्लुकोजच्या बाटलीविषयीही तीच समजूत आहे. प्रत्यक्षात ५ टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम १०० कॅलरी असतात. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची एक मध्यम भाकरी त्याहून अधिक ऊर्जा देते.

पॅरासिटामॉलच्या बाबतीत तर गोळीतले आणि बाटलीतले औषध एकच आहे. हे रसायन प्रथम तयार झाले ते १८७८ च्या सुमारास, पण शिरेतून देण्याजोगे त्याचे तयार द्रावण युरोपात या शतकाच्या सुरुवातीला आणि अमेरिकेत २०१० मधील मंजुरीनंतर रुग्णांपर्यंत पोहोचले. पॅरासिटामॉल पाण्यात फार थोडे विरघळते आणि विरघळलेले हळूहळू विघटन पावते, हे या विलंबामागचे एक मोठे कारण. एक ग्रॅम औषधासाठी १०० मिलिलिटरची बाटली लागते तीही याच कमी विद्राव्यतेमुळे. रुग्णाला जी बाटली मोठ्या उपचाराची खूण वाटते, तिच्यात ६५० मिलिग्रॅमच्या दीड गोळीइतकेच औषध असते.

फरक आहे तो वेगाचा. गोळीतील मात्रेचा साधारण ६० ते ९० टक्के भाग रक्तात पोहोचतो आणि गुण यायला अर्धा ते एक तास लागतो. शिरेतून दिल्यास संपूर्ण मात्रा लगेच रक्तात मिसळते, वेदना ५ ते १० मिनिटांत कमी होऊ लागते आणि ताप साधारण अर्ध्या तासात उतरू लागतो. चार ते सहा तासांनी दोन्हींचा परिणाम सारखाच ओसरतो. म्हणून ज्याला गिळता येते आणि ज्याच्या पोटात औषध टिकते, त्याला बाटलीतून फारसे अधिक मिळत नाही; सुईची वेदना, शिरेला सूज, जंतुसंसर्गाची शक्यता आणि वाढीव बिल मात्र नक्की वाट्याला येते. सतत उलट्या होणारा, शुद्धीवर नसलेला किंवा शस्त्रक्रियेमुळे उपाशी ठेवलेला रुग्ण हा या बाटलीचा खरा हक्कदार. सिझेरियन किंवा हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर ती ठरावीक अंतराने दिली तर मॉर्फिन, ट्रॅमाडॉल यांसारखी अफूवर्गीय औषधे कमी लागतात, आणि त्यांच्याबरोबर येणारी गुंगी, मळमळ व श्वास मंदावण्याचा धोकाही घटतो.

ताप उतरवण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. संसर्ग झाला की मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये वाढतात आणि शरीर आपले तापमान वरच्या पातळीवर राखू लागते. पॅरासिटामॉल मेंदूतील या द्रव्यांची निर्मिती कमी करते आणि ती पातळी पुन्हा खाली येते. उष्माघातात ही पातळी मुळात बदललेलीच नसते. बाहेरची उष्णता शरीराच्या क्षमतेपलीकडे गेल्यामुळे तापमान ४० अंशांपलीकडे चढते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जाणाऱ्या सोलापुरात हा भेद विसरून चालत नाही. उन्हात कोसळलेल्या माणसाला पॅरासिटामॉलची बाटली लावून उपयोग होत नाही, उलट उष्णतेने आधीच होरपळलेल्या यकृतावर आणखी भार पडतो. त्याला पाण्याने भिजवून पंख्याखाली ठेवत, बर्फाचा वापर करत तातडीने थंड करणे हाच उपचार आहे.

आता हिशेब. ५० किलोपेक्षा अधिक वजनाच्या आणि यकृत चांगले असलेल्या प्रौढाला एका वेळी १ ग्रॅम, दोन मात्रांत किमान चार तासांचे अंतर आणि २४ तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम, ही सर्वमान्य मर्यादा आहे. पण विड्या वळणारी किंवा यंत्रमागावर राबणारी ४२ किलोची बाई आपल्याकडे अपवाद नाही. तिला किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे ६३० मिलिग्रॅम औषध पुरते. द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असल्याने तिच्या वाट्याचे होतात ६३ मिलिलिटर. उरलेले ३७ मिलिलिटर ना पुढच्या वेळेसाठी ठेवायचे, ना शेजारच्या खाटेवरील रुग्णाला द्यायचे. ते टाकूनच द्यायचे, कारण या द्रावणात जंतुरोधक घातलेला नसतो. आख्खी बाटली चढवण्याची सवय इथेच चुकते, आणि गर्दीच्या वॉर्डात ही चूक किती सहज होत असेल हे सांगायला नको.

तान्ह्या बाळांत ही चूक जीवघेणी ठरू शकते. १० किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला किलोमागे साडेसात मिलिग्रॅम दिले जाते. सहा किलोच्या बाळाला ४५ मिलिग्रॅम, म्हणजे अवघे साडेचार मिलिलिटर. कागदावरचा ४५ हा आकडा घाईत मिलिलिटर म्हणून वाचला गेला तर दहापट औषध शरीरात जाते. परदेशांत असे प्रकार घडले असून ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०१० मध्ये त्याबाबत खास इशारा दिला होता. म्हणूनच बाळांसाठी बाटली टांगू नये. मोजलेली मात्रा सिरिंजमध्ये घेऊन द्यावी आणि लिहिताना मिलिग्रॅम व मिलिलिटर दोन्ही आकडे लिहावेत.

मात्रा १५ मिनिटांत द्यायची असते. सलाईनच्या नेहमीच्या नळीसंचातून (सेट) एक मिलिलिटरला २० थेंब पडतात असे धरले, तर १०० मिलिलिटरसाठी मिनिटाला सुमारे १३३ थेंब, म्हणजे सेकंदाला दोनाहून अधिक. इतक्या वेगाने चालणारी बाटली बघता बघता रिकामी होते, आणि ती काचेची असल्यास शेवटी नळीतून हवा शिरेत जाण्याचा धोका असतो. त्यामुळे अखेरच्या मिनिटांत परिचारिकेने खाटेजवळ असणे आवश्यक आहे. अत्यवस्थ रुग्णांत या औषधाने रक्तदाब घसरू शकतो, हेही तिने लक्षात ठेवायला हवे.

"मग डायक्लोफेनॅकचेच इंजेक्शन द्या" हा पर्याय वाटतो तितका निरुपद्रवी नाही. डायक्लोफेनॅक आणि केटोरोलॅक ही वेदनाशामक औषधे शरीरभरातील प्रोस्टाग्लँडिन रोखतात. पाण्याअभावी सुकलेल्या माणसाच्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा याच द्रव्यांच्या आधाराने टिकून असतो; उन्हाळ्यात दिवसभर घाम गाळून आलेल्या कामगाराला असे इंजेक्शन दिल्यास मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. डेंग्यूत प्लेटलेट आधीच कमी झालेल्या असतात, तेथे ही औषधे रक्तस्रावाचा धोका वाढवतात. तापाचे निदान व्हायचे असेपर्यंत पॅरासिटामॉलच द्यावे, हा आग्रह त्यासाठीच असतो.

अर्थात पॅरासिटामॉलचीही एक बाजू यकृताकडे झुकलेली आहे. त्याचा लहानसा भाग यकृतात एका विषारी द्रव्यात बदलतो आणि ग्लुटाथायोन हे यकृतातलेच संरक्षक द्रव्य ते निष्प्रभ करते. मात्रा वाढली, किंवा उपासमार व दारू यांमुळे ग्लुटाथायोनचा साठा आटला, की हे विष यकृताच्या पेशी मारू लागते. पहिल्या दिवशी रुग्ण बहुधा ठीक दिसतो किंवा त्याला फक्त मळमळते. उजव्या बरगडीखालचे दुखणे, कावीळ ही लक्षणे नंतर दिसतात. एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वाधिक गुणकारी ठरतो, म्हणून लक्षणांची वाट पाहणे घातक.

जास्त मात्रा बहुतेकदा एका बाटलीने होत नाही, ती बेरजेने होते. सकाळी घरी सर्दीची गोळी, दुपारी मेडिकलमधून आणलेली अंगदुखीची गोळी, संध्याकाळी दवाखान्यात बाटली आणि रात्री चिठ्ठीवरची ६५० ची गोळी, या चारांतही पॅरासिटामॉल असू शकते. ॲसिक्लोफेनॅक किंवा ट्रॅमाडॉल या वेदनाशामकांच्या अनेक जोडगोळ्यांत ते ३२५ मिलिग्रॅम असतेच. डॉक्टरांना सकाळपासून घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे दाखवावीत, आणि दवाखान्यातून निघताना बाटली किती वाजता लावली व किती मिलिग्रॅम दिले हे कार्डावर लिहून घ्यावे. रात्रीची गोळी केव्हा घ्यायची, हे त्या नोंदीवरूनच ठरते.