युंगचे व्यक्तिमत्त्व-प्रकार : वाचन कुठून सुरू करावं?

सोळा प्रकारांची ती प्रसिद्ध मायर्स-ब्रिग्ज चाचणी (MBTI) देऊन आपल्या प्रकाराची चार अक्षरं हाती आली, की अनेकांना युंग वाचावासा वाटतो. पण ही चाचणी स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल गुस्ताव युंगने तयार केलेली नाही. त्याचा प्रश्नही वेगळाच होता : दोन बुद्धिमान, प्रामाणिक माणसं एकाच रुग्णाकडे पाहून परस्परविरोधी निष्कर्ष का काढतात?

या प्रश्नामागे एक फाटाफूट आहे. 1900 मध्ये युंग झुरिकच्या बुर्गहोल्झली मनोरुग्णालयात ऑयगेन ब्लॉयलरच्या हाताखाली रुजू झाला. 1907 मध्ये तो व्हिएन्नात फ्रॉइडला भेटला आणि काही वर्षं त्याचा वारसदारच मानला गेला. 1911 मध्ये फ्रॉइडचा सहकारी आल्फ्रेड ॲडलर त्याच्या वर्तुळातून बाहेर पडला. पुढे युंगचंही फ्रॉइडशी बिनसलं. सप्टेंबर 1913 मध्ये म्युनिकच्या मनोविश्लेषण परिषदेत त्याने जे व्याख्यान दिलं, त्यात अंतर्मुखता आणि बहिर्मुखता या कल्पना पहिल्यांदा प्रकारांच्या रूपात मांडल्या. सुरुवात रुग्णालयातल्या निरीक्षणापासून होती : हिस्टेरियात मनाची ऊर्जा बाहेर धावते, स्किझोफ्रेनियात ती आत वळते. शेवटी त्याने हीच फूटपट्टी सिद्धान्तांना लावली. फ्रॉइडचा भर बाहेरच्या व्यक्ती-वस्तूंवर, म्हणून त्याचा सिद्धान्त बहिर्मुख. ॲडलरचा भर स्वतःचं स्थान सांभाळणाऱ्या 'मी'वर, म्हणून त्याचा अंतर्मुख. फ्रॉइड आणि ॲडलरपेक्षा आपली दृष्टी वेगळी कशी, हे ठरवण्याच्या गरजेतून 'सायकॉलॉजिकल टाइप्स' हे आपलं प्रकारांवरचं पुस्तक जन्मलं, असं युंगने आठवणींत सांगितलं आहे.

म्हणून माझ्या मते सुरुवात त्या जाडजूड पुस्तकाने करूच नये. 'टू एसेज ऑन ॲनालिटिकल सायकॉलॉजी'मधला पहिला निबंध आधी घ्यावा. त्यात युंग एका तरुण स्त्रीचा त्रास आधी फ्रॉइडच्या नजरेने, मग ॲडलरच्या नजरेने उलगडतो. दोन्ही उलगडे पटतात, आणि तिथेच वाचक अडतो. प्रकारांची चर्चा त्यानंतर येते, म्हणजे ती कशासाठी हवी हे आपल्याला आधीच कळलेलं असतं. मग 1935 मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये दिलेली पाच व्याख्यानं वाचावीत. समोर डॉक्टर बसलेले, प्रत्येक व्याख्यानानंतर प्रश्न येतात, त्यामुळे युंगला सरळ बोलावं लागतं.

1913 आणि मुख्य ग्रंथ यांच्यामध्ये आठ वर्षं गेली, आणि विचार या काळात बराच बदलला. सुरुवातीला युंग विचार म्हणजे अंतर्मुख आणि भावना म्हणजे बहिर्मुख अशी सांगड घालत होता. 1915-16 मध्ये हान्स श्मिड-गुइसान या सहकाऱ्याशी झालेल्या पत्रव्यवहारात हा प्रश्न लढवला गेला. 'सायकॉलॉजिकल टाइप्स' मूळ जर्मनमध्ये 1921 साली आलं, तेव्हा दोन वृत्ती (अंतर्मुख, बहिर्मुख) आणि मनाची चार कार्यं वेगळी झाली होती : विचार, भावना, संवेदन, अंतःस्फूर्ती. दोन गुणिले चार, म्हणून आठ प्रकार. इथे भावना म्हणजे भावनावशता नव्हे. एखादी गोष्ट मोलाची की नाही हे ठरवणारं कार्य. म्हणूनच युंग तिला विचाराच्या जोडीने विवेकी, म्हणजे पारख करून निर्णय देणाऱ्या, गटात बसवतो.

बहुतेक जण या पुस्तकाचं थेट दहावं प्रकरण उघडतात, कारण प्रकारांचं वर्णन तिथे आहे. युंगला हे पसंत नव्हतं. 1934 मध्ये अर्जेंटिनातल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने माणसांवर चिठ्ठ्या चिकटवण्याला पोरखेळ ठरवलं आणि आधी दुसरं व पाचवं प्रकरण वाचायला सांगितलं. दुसऱ्यात जर्मन कवी शिलर आहे. पाचव्यात स्विस कवी श्पिटेलरचं काव्य, आणि पुढे द्वंद्वांच्या प्रश्नावर उपनिषदं आणि गीताही. ती प्रकरणं सखोल आहेत, यात शंका नाही. पण शिलर आणि श्पिटेलर न वाचलेला नवा वाचक तिथे हरवतो. आधी दहावं वाचावं, शेजारी अकराव्यातल्या व्याख्या उघड्या ठेवाव्यात, आणि मग मागे जावं.

चाचणीची शाखा 1923 च्या इंग्रजी अनुवादापासून फुटते. अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज स्वतःच माणसांचं वर्गीकरण करत होत्या. युंगचं पुस्तक वाचल्यावर त्यांनी त्याचीच चौकट स्वीकारली. त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रश्नावली रचायला घेतली, आणि 1962 मध्ये एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसने ती प्रकाशित केली. वृत्तींची एक आणि कार्यांच्या दोन अशा तीन जोड्या युंगकडे होत्याच; निर्णायकता की मोकळेपणा ही चौथी जोडी मायलेकींनी जोडली, म्हणून आठाचे सोळा झाले. संशोधकांचा मुख्य आक्षेप असा की गुण बहुतेकदा मधोमध गोळा होतात, दोन ढिगांत वाटले जात नाहीत, आणि काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली की अनेकांची अक्षरं बदलतात. युंगनेही नंतरच्या एका निबंधात मधल्या गटालाच सर्वांत मोठा म्हटलं आहे. बहिर्मुखता हा गुण मात्र व्यक्तिमत्त्व पाच गुणांवर मोजणाऱ्या आजच्या पंचघटक प्रारूपातही टिकून आहे, फक्त तिथे तो कमी-जास्त मोजला जातो.

दहावं प्रकरण झाल्यावर युंगच्या सहकारी मारी-लुइझ फॉन फ्रान्झ यांची गौण कार्यावरची व्याख्यानं वाचावीत. माणसाचं जे कार्य मागे राहिलेलं असतं, ते कसं अवघडून, उशिरा आणि आवेगाने बाहेर येतं, हे त्या नेमक्या उदाहरणांनी दाखवतात. चार अक्षरांच्या निकालात याच भागाला सर्वांत कमी जागा मिळते.