माईक शिट्टी मारतो? नवा घेण्याआधी हे वाचा

मंदिरे, भजनी मंडळे, शाळा आणि मंगल कार्यालये चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

सप्ताह किंवा स्नेहसंमेलन जवळ आलं की दुकानात माईक दुरुस्तीला येऊ लागतात. सगळ्यांत मोठी तक्रार शिट्टीची. तोच माईक आम्ही इथे जोडून बघतो तेव्हा बहुतेक वेळा स्वच्छ चालतो, कारण दोष मांडणीत असतो. त्याच जागी महागडा माईक ठेवलात तरी तोही शिट्टी मारेल. तुमचे पैसे असे जाऊ नयेत म्हणून हे पत्रक.

स्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, ॲम्प्लिफायर तो वाढवतो, स्पीकर तो परत बाहेर टाकतो. या फेऱ्यांत एखादा सूर धरला जातो आणि क्षणात वाढत जातो. तीच शिट्टी.

म्हणून आधी स्पीकर कुठे आहेत ते बघा. ते बोलणाऱ्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून हवेत. मंदिरात अडचण होते ती इथेच. सभामंडपाच्या चारही खांबांवर कॉलम, म्हणजे उभे लांबट स्पीकर, कायमचे ठोकलेले असतात आणि कीर्तनकार बुवा त्यातल्याच एखाद्यापुढे उभे राहतात. बुवांच्या पाठीमागचा कॉलम कीर्तनापुरता बंद ठेवा. एकाच वायरवर बरेच स्पीकर चालवणाऱ्या 100 व्होल्टच्या लाइनवर तो असेल तर त्याचं टॅपिंग, म्हणजे किती वॅट घ्यायचे ती जोडणी, कमी वॅटवर घेता येतं. ते आम्ही येऊन करून देऊ. एवढ्याने काम झालेली मंदिरं आमच्या पाहण्यात बरीच आहेत.

दुसरी गोष्ट अंतराची. माईक तोंडापासून वीतभर लांब असेल तर तो अर्ध्या वितीवर आणा. अंतर निम्मं झालं की माईकला तोंडाचा आवाज सुमारे 6 डेसिबल जास्त मिळतो. मग ॲम्प्लिफायर तेवढा खाली आणता येतो आणि शिट्टी मागे हटते. अगदी ओठांना लावलात तर मात्र आवाज घुमतो. तेव्हा बेस थोडा कमी करा. आणि माईकची जाळी मुठीत धरू नका. नेहमीचा हातातला माईक मागच्या बाजूचं फार कमी ऐकतो, कारण जाळीच्या खाली मागून हवा यायला वाट ठेवलेली असते. ती मुठीने झाकली की माईक चहूबाजूंचं ऐकू लागतो. गाण्याच्या कार्यक्रमांत हे फार दिसतं.

भजनी मंडळांना कळकळीची विनंती: टाळांना माईक लावू नका. टाळ आपोआप ऐकू येतात. चालू माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी येण्याआधी आवाज जेवढा वाढवता येतो ती जागा 3 डेसिबलने कमी होते. गायक, पखवाज, पेटी, बस्स. ज्याच्यासमोर कोणी नाही तो माईक बंद.

शिट्टी थांबवायला ट्रेबल पार शून्यावर नेण्याची सवय आम्हाला खटकते. शिट्टी कदाचित जाते, पण स, श, त यांसारखी अक्षरं वरच्या सुरांत स्पष्ट होतात, तीही जातात आणि मागच्या रांगेला शब्दच कळत नाहीत. इक्वलायझर (वेगवेगळे सूर कमी-जास्त करायच्या पट्ट्या) असेल तर ज्या सुरावर शिट्टी येते तेवढीच पट्टी खाली घ्या. इको भाषणाला नकोच. दगडी किंवा पत्र्याच्या मंडपात तो मुळातच भरपूर असतो. रिकाम्या हॉलमध्ये शिट्टी येत नसेल तर गर्दीत बहुधा येणार नाही. माणसं आवाज शोषतात.

घरघर आणि खरखर ही वेगळी दुखणी. सतत ‘हूं’ येत असेल तर मिक्सर आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर जोडून बघा. अर्थिंगची पिन काढून हूं घालवण्याचा उपाय कुणी सुचवला तर मुळीच करू नका. माईकची बॉडी धातूची असते, बोलणारा अनवाणी ओल्या फरशीवर उभा असतो. जीव जाऊ शकतो. लांब वायरसाठी दोन्ही टोकांना तीन पिनांची एक्सएलआर घ्या, आणि ती मिक्सरच्याही एक्सएलआर सॉकेटलाच जोडा. पी-38 (पाव इंची) जॅकची साधी वायर फार लांबवली की हूं आणि रोषणाईच्या माळांची खरखर दोन्ही ओढते. वायर हलवल्यावर खरखर झाली तर ती बहुधा जॅकजवळ आतून तुटलेली असते.

आवाज फाटत असेल तर मिक्सरवरचा लाल दिवा बघा. जोरात बोलल्यावर तो पेटला तर त्या माईकचा गेन (मिक्सरमध्ये शिरतानाचा आवाज) कमी करा आणि कमी पडलेला आवाज मास्टरवर वाढवा. वायरलेसचा आवाज मध्येच तुटत असेल तर आधी नवे सेल घाला, मग रिसीव्हर उंचावर, माईक दिसेल असा ठेवा.

माईक तपासताना फुंकर मारू नका, बोटाने ठोकूही नका, बोलून बघा. हातातल्या माईकची जाळी फिरवून निघते. आतला स्पंज सौम्य साबणाने धुऊन पूर्ण वाळला की परत बसवा.

एवढं करूनही त्रास राहिला तर माईक त्याच्या वायरसकट दुकानात आणा आणि मांडणीचे दोन-चार फोटो काढून आणा. माईक तपासायचे पैसे आम्ही घेत नाही.