दगड कोरायचा नसतो, तेलकट करायचा असतो

शिळाप्रेस, म्हणजे दगडावरून छपाई (लिथोग्राफी), म्हटलं की दगडावर छिन्नीने अक्षरं कोरत असतील, अशी अनेकांची समजूत असते. मुद्रक गणपत कृष्णाजींनी 1841 मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापलं. त्यातही कोरीवकाम नव्हतं. रॉबर्ट राउशेनबर्ग या अमेरिकन चित्रकाराने 1963 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर ‘अ‍ॅक्सिडेंट’ हे चित्र छापलं, तेही याच रीतीने.

सगळी करामत दगडाच्या सपाट पृष्ठभागावर चालते. दगड बारीक कणांचा, जर्मनीच्या बव्हेरियातल्या चुनखडीचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर मेण, चरबी, साबण आणि काजळीच्या खडूने चित्र काढायचं. मग डिंकाच्या पाण्यात नायट्रिक आम्लाचे थोडे थेंब घालून ते वरून फिरवायचं. आम्लामुळे साबणातलं मेदाम्ल सुटं होतं आणि दगडातल्या कॅल्शियमला धरतं. बोअरच्या पाण्यात साबणाचा जो साका बसतो, तसाच हा कॅल्शियमचा साबण. तो पाण्यात विरघळत नाही, उलट पाणी झटकतो. कोऱ्या जागी मात्र डिंकाचे लांबलचक रेणू चिकटून बसतात. त्यांना पाणी प्रिय.

आता टर्पेंटाइनने पुसलं की चित्र चक्क नाहीसं होतं! पण ओला स्पंज फिरवून तेलकट शाईचा रूळ चालवला, की कोरी जागा पाणी धरून शाई नाकारते, साका शाई ओढतो आणि चित्र पुन्हा उमटतं. मला या क्षणापुढे पुढची छपाई फिकीच वाटते.

म्हणजे दगडाला कला कळत नाही, स्निग्धता कळते. बोटाचा तेलकट डागसुद्धा तो छापतो. राउशेनबर्गला हेच हवं होतं. मोटारीचं टायर, रद्दीतली वर्तमानपत्रं, जे हाती लागेल ते तो चित्रात घ्यायचा. इथे त्याने वर्तमानपत्रांचे टाकाऊ ठसे स्निग्ध शाई लावून दगडावर दाबले.

छापताना दगड फुटला. दुसरा घेतला, तोही फुटला. चुनखडी सरळ दाब झेलते, पण वाकवणारा ताण तिला सोसत नाही. त्याने फुटका दगडच छापला. खाली पडलेल्या कपच्याही चित्रात घेतल्या. चित्रातून तिरका गेलेला पांढरा पट्टा म्हणजे ती भेग. तिथे शाई धरायला पृष्ठभागच नाही. यात कुणी ‘नियतीची रेघ’ वगैरे शोधू नये. त्याच वर्षी लुब्लियानाच्या (आजच्या स्लोव्हेनियातलं शहर) द्वैवार्षिक प्रदर्शनात या फुटक्या दगडाच्या चित्राला सर्वोच्च पारितोषिक मिळालं.