४११०३० च्या पोटात काय आहे?

सदाशिव पेठेचा पिनकोड ४११०३०. पत्त्याखाली तो रोज लिहिला जातो, पण त्याचे अवयव कुणी पाडत नाही. पाडून बघाच. शेवटी शून्य, म्हणून १० ने भाग जातो. उरलेल्या ४११०३ च्या अंकांची बेरीज ९, म्हणून ९ नेही जातो. आणि हाती येतात ओळीने चार अंक: ४५६७. ही मूळ संख्या आहे! ६७ पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने तिला भाग जात नाही, आणि ६८ चा वर्गच ४६२४ असल्याने पुढे तपासायची गरज नाही.

आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या अशा संख्यांना द. रा. कापरेकरांनी 'हर्षद' म्हटलं. कापरेकर फर्ग्युसनचे विद्यार्थी, १९२७ च्या रँग्लर परांजपे गणित पारितोषिकाचे मानकरी, पुढे देवळालीत शाळामास्तर. फर्ग्युसनचा ४११००४ मात्र हर्षद नाही. बेरीज १०, शेवटी ४.

माझ्या मते त्यांची सर्वांत देखणी कल्पना स्वयंभू संख्यांची. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. बावधनच्या ४११०२१ मध्ये ९ मिळवा, सदाशिव पेठ येते. जिला असा जनकच नाही, ती स्वयंभू. कसबा पेठेची ४११०११ तशी आहे, आणि ते कागदावर सिद्ध करता येतं. सहा अंकांची बेरीज ५४ च्या वर जात नाही, म्हणून जनक असलाच तर तो ४११० किंवा ४१०९ ने सुरू होणार. उरलेले दोन अंक क आणि ख. संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज मिळून ४११०११ व्हायची, तर पहिल्या बाबतीत ११क + २ख = ५ हवं, दुसऱ्या बाबतीत ९७. ५ साठी क शून्यच असणार, मग २ख = ५ कसं जमेल? ९७ विषम, म्हणून क विषम. ९ घेतला तर ११क च ९९ होतो. ७ घेतला तर ख १० लागतो, आणि क आणखी लहान केला तर ख त्याहून मोठा. वाट बंद.

४५६७ चं मूळपण कुठल्याही पद्धतीने लिहा, बदलत नाही. हर्षदपण मात्र दशमान लेखनावर अवलंबून असतं. द्विमानात, म्हणजे फक्त ० आणि १ या दोन अंकांत लिहिताना, ते टिकेलच असं नाही. ४११०३० द्विमानात लिहिली की होते ११००१०००१०११००१०११०. त्यातले '१' मोजा: नऊच भरतात, म्हणजे ती तिथेही हर्षद आहे.