तळाचा हिशेब: पश्चिम किनाऱ्यावरील ट्रॉलिंग, तळजीवांचे संशोधन आणि मासेमारी कायद्याची पार्श्वभूमी

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील ट्रॉलरचा, म्हणजे तळाशी जाळे ओढत नेणाऱ्या यांत्रिक नौकांचा, वाद आता जवळपास पाच दशकांचा झाला आहे. ट्रॉलची जाळी तळ खरवडून काढतात आणि त्यामुळे माशांचे खाद्य व आसरा दोन्ही नष्ट होतात, हा युक्तिवाद आज मच्छीमार सोसायटीच्या निवेदनापासून न्यायालयातील याचिकेपर्यंत सगळीकडे आढळतो. प्रत्यक्षात या किनाऱ्यावरचे मासेमारीचे नियम ज्या वर्षांत ठरले, त्या वर्षांत समुद्राचा तळ हा त्यांचा विषयच नव्हता. त्याच सुमारास गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत तळाचे शास्त्र मात्र उभे राहत होते. कायदा आणि संशोधन हे दोन प्रवाह एकमेकांना फारसे न भेटता वाढले, आणि आजच्या चर्चेतील बराचसा गोंधळ या दुराव्यातून आलेला आहे.

तळाकडे मासेमारीच्या दृष्टीने पाहण्याची पद्धत मुळात डेन्मार्कमधली. सी. जी. जे. पीटरसन या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिमफियोर्ड या खाडीत प्लेस नावाच्या चपट्या माशाचा अभ्यास केला, तेव्हा खाडीच्या तोंडाशी दाटीवाटीने राहणारी पिल्ले आतल्या विस्तीर्ण भागात नेऊन सोडली की ती कितीतरी वेगाने वाढतात, असे दिसून आले. मासा तोच, खाडीही तीच. फरक होता तो दाटीचा आणि तळावर मिळणाऱ्या अन्नाचा. मग ते अन्न मोजायचे कसे, या प्रश्नातून ग्रॅब हे उपकरण आले. दोरीने खाली सोडलेला हा दोन जबड्यांचा लोखंडी डबा तळावर टेकला की ठरावीक क्षेत्रफळाचा चिखल कवेत घेऊन मिटतो. वर आलेला चिखल चाळणीतून धुवायचा, उरलेले किडे, शिंपले, कवचधारी प्राणी वेगळे करायचे, मोजायचे आणि त्यांचे वजन करायचे. पीटरसन यांनी 1911 पासून या कामाला पद्धतशीर रूप दिले आणि समुद्रतळाचे ‘मूल्यमापन’ असे त्याला नाव दिले. शेतजमिनीचा कस ठरवावा तसा तळाचा कस ठरवण्याचा हा पहिला गंभीर प्रयत्न होता.

आपल्याकडे ट्रॉल आले ते सरकारी चाचणीच्या निमित्ताने. मुंबई सरकारने 1921-22 मध्ये ‘विल्यम कॅरिक’ या वाफेच्या ट्रॉलरवरून मुंबईजवळच्या पाण्यात मासेमारी करून पाहिली, पण ती परवडली नाही. 1946 मध्ये केंद्र सरकारने मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र उघडले. आजच्या भारतीय मत्स्य सर्वेक्षण या संस्थेचे ते मूळ. या सर्व सर्वेक्षणांचा प्रश्न एकच होता: घोळ, दाढा, कोथ, वाम यांसारखे मोठे मासे कोठे आणि किती मिळतात. ज्या तळावरून जाळे ओढायचे तो खडकाळ नाही ना, जाळे फाटणार तर नाही, एवढ्यापुरताच तळाचा विचार होई. पुढे कोळंबीला परदेशी बाजारपेठ मिळाली आणि 1960 नंतर छोटे यांत्रिक ट्रॉलर पश्चिम किनाऱ्यावर वेगाने वाढले. कोळंबी उथळ, चिखलाळ पाण्यात असते. साहजिकच हे ट्रॉलर पारंपरिक मच्छीमारांच्याच पाण्यात आले.

आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचे फलित म्हणून 1 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि पुढे तिने गोव्यात दोना पावला येथे बस्तान बसवले. डॉ. ए. एच. परुळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे तळजीवांचा अभ्यास हाती घेतला, तो आधी दारातल्याच मांडवी आणि जुवारी नद्यांच्या मुखांशी. 1970 च्या दशकातील या अभ्यासमालिकेतून उष्ण कटिबंधातील तळाचे एक वैशिष्ट्य स्पष्ट झाले. पावसाळ्यात नदीचे गोडे पाणी उतरले की तळाची क्षारता कोसळते, तळजीव मोठ्या प्रमाणावर मरतात, आणि पाऊस सरल्यावर तोच तळ नव्याने वसतो. म्हणजे युरोपात जो तळ तुलनेने स्थिर मानला जाई, तो येथे दरवर्षी मोडतो आणि पुन्हा मांडला जातो. हे लक्षात न घेता उत्तर समुद्रातले निष्कर्ष जसेच्या तसे येथे आणणे चुकीचे ठरते, आणि तरीही ते वारंवार आणले जातात.

1976 मध्ये ‘गवेषणी’ हे संशोधन जहाज संस्थेच्या सेवेत आल्यावर हेच काम खुल्या समुद्रात गेले. परुळेकर, हरकंत्रा आणि अन्सारी यांनी 1982 मध्ये भारतीय समुद्रांतील तळजीवांचे उत्पादन आणि त्यावरून तळालगतच्या माशांच्या साठ्याचा अंदाज मांडला. पीटरसन यांचाच विचार येथे वेगळ्या प्रमाणावर वापरलेला दिसतो: तळावर अन्न किती तयार होते हे कळले, तर त्यावर किती मासे पोसले जाऊ शकतात याचा आडाखा बांधता येतो. या पद्धतीला मर्यादा आहेत. अन्नापासून माशापर्यंतच्या प्रत्येक पायरीवर किती ऊर्जा टिकते हे गृहीत धरावे लागते, आणि ते गृहीतक थोडे हलले तरी अंतिम आकडा बराच हलतो. पण मासळी बंदरावर उतरण्याआधीच, तळाकडून सुरुवात करून साठ्याचा अंदाज घेण्याची ही दिशा त्या काळात धाडसाची होती, असे माझे मत आहे. परुळेकर यांनी पुढे भारताच्या सहाव्या अंटार्क्टिका मोहिमेचे नेतृत्व केले, आणि सर्वसामान्य वाचकाला ते माहीत असले तर बहुधा त्याचमुळे.

मासेमारी आणि तळ यांचा संबंध सर्वांत थेटपणे दाखवणारे त्यांचे काम मात्र ट्रॉलिंगवर नव्हतेच. लोहखनिजाच्या खाणींतील टाकाऊ माती पावसाबरोबर गोव्याच्या नद्यांत येते. तिचा तिसऱ्या व तत्सम शिंपल्यांवर आणि तळजीवांवर झालेला परिणाम परुळेकर, अन्सारी आणि इंगोले यांनी 1986 मध्ये मांडला. सुमारे दशकभराच्या तुलनेतून त्यांनी दाखवले की बारीक गाळाचा थर तळावर बसला, पाणी गढुळले, प्राणवायू घटला, शिंपल्यांचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर कोसळले आणि मूळ तळजीवांच्या जागी काहीही सोसणारे उपरे जीव आले. ओहोटीला पाण्यात उतरून तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना उत्पन्नातली ही घट शास्त्रज्ञांच्या आधीच जाणवली असणार. पण जुनी मोजमापे हाताशी होती म्हणूनच ती कारणासह सिद्ध करता आली.

कायद्याची वाट वेगळी होती. गोव्यात रापणकार (किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणारे पारंपरिक मच्छीमार) आणि ट्रॉलरमालक यांच्यातील संघर्ष 1970 च्या दशकात पेटला, इतर किनारी राज्यांतही असेच संघर्ष झाले, आणि केंद्राने नेमलेल्या मजुमदार समितीच्या शिफारशींनंतर राज्यांना नमुना विधेयक पाठवण्यात आले. गोवा आणि केरळ यांचे कायदे 1980 चे, महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 चा. गोव्यात यांत्रिक नौकांसाठी किनाऱ्यापासून पाच किलोमीटरची रेषा आखली गेली. महाराष्ट्रात ट्रॉलरसाठी काही भागांत पाच वाव, तर काही भागांत दहा वाव खोलीची (एक वाव म्हणजे सुमारे 1.8 मीटर). या रेषा कोणी कोठे मासे मारावेत हे ठरवतात. छोट्या मच्छीमाराचे पाणी राखणे हा त्यांचा हेतू होता आणि तो न्याय्यही होता. पण तळ चिखलाचा आहे की वाळूचा, त्यावर काय राहते, याचा त्या आखणीशी संबंध नव्हता.

याची किंमत मुंबईच्या पाण्यात दिसली. चिखल-वाळूच्या तळावर राहणारी चपटी शेवंड 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ट्रॉलमधून शेकडो टन मिळत होती. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती जवळजवळ संपली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे व्ही. डी. देशमुख यांनी 2001 मध्ये या ऱ्हासाची नोंद शोधनिबंधातून केली. शेवंडीची मादी अंडी पोटाखाली घेऊन वावरते. ती तळावरच असल्याने तळाशी ओढलेल्या जाळ्यात अंड्यांसह येते आणि पुढची पिढी तिथेच खुंटते. नेमून दिलेल्या खोलीपलीकडे, म्हणजे कायद्याच्या चौकटीत राहून झालेल्या मासेमारीतही हे घडू शकत होते.

ट्रॉलचा तळावरील परिणाम किती, याचे बऱ्यापैकी नेमके उत्तर जगातच उशिरा मिळाले. यान हिडिंक आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये अनेक देशांतील प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. फळ्यांचे साधे ट्रॉल जाळे सरासरी 2.4 सेंटिमीटर तळात रुतते आणि एका फेरीत सुमारे 6 टक्के तळजीव नाहीसे करते; पाण्याच्या फवाऱ्याने तळ उकरणारा ड्रेज 16.1 सेंटिमीटर रुततो आणि 41 टक्के. तळ सावरायला 1.9 ते 6.4 वर्षे लागतात. पश्चिम किनाऱ्यावरील 1 जून ते 31 जुलै ही पावसाळी मासेमारीबंदी या मुदतीपुढे तोकडी आहे. प्रजननाचा हंगाम आणि खवळलेला समुद्र ही तिची कारणे ठीकच आहेत. तळाला विश्रांती मिळते हे कारण मात्र तिच्या समर्थनार्थ पुढे करू नये.

शिवाय आपल्या तळावर एक नैसर्गिक संकटही दरवर्षी येते. नैर्ऋत्य मोसमी काळात खालचे अल्पप्राणवायूचे पाणी किनाऱ्याकडे सरकते, आणि गोव्यासमोरील किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात ही स्थिती तीव्र होत असल्याचे एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये दाखवले. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये एखाद्या ठिकाणचा तळ ओसाड दिसला, तर दोष ट्रॉलचा की श्वास कोंडलेल्या पाण्याचा, हे एका नमुन्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी एकाच जागेची वर्षानुवर्षांची मोजणी आणि जवळच ट्रॉल न फिरलेली जागा तुलनेला हवी. दुसरी गोष्ट मिळणे आता फार कठीण आहे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांतील महाराष्ट्राचा वाद बहुतांशी पर्ससीनभोवती फिरला. सोमवंशी समितीचा अहवाल आणि पर्ससीनवर निर्बंध घालणारी फेब्रुवारी 2016 ची अधिसूचना त्यातूनच आली. पर्ससीन हे मुख्यतः वरच्या पाण्यातल्या थव्यांना वेढणारे जाळे आहे. त्यावर इतकी शाई खर्च होत असताना तळावरचे जाळे तुलनेने मागे राहिले, हे थोडे विचित्रच. 2023 मध्ये राज्याने 54 प्रजातींचे किमान कायदेशीर आकारमान ठरवले. पिल्लांची मासेमारी रोखण्यासाठी ते उपयोगी आहे, पण त्याची तपासणी मासळी बंदरावर उतरल्यावर होते.

कोणत्या तळावर किती वेळा ट्रॉल फिरले, याचा नकाशा असल्याशिवाय पुढचे काम अडते. 2018 मध्ये रिकार्डो अमोरोसो आणि सहकाऱ्यांनी जगातील 24 प्रदेशांसाठी असे नकाशे नौकांच्या उपग्रह-नोंदींवरून तयार केले. त्यांत युरोप, आफ्रिका, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडचे समुद्र होते, आशियातला एकही नव्हता. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघर येथून देशभरातील एक लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर (नौकेचे ठिकाण आणि संदेश उपग्रहामार्फत पाठवणारे यंत्र) बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला. तिचा जाहीर उद्देश सुरक्षितता आणि संपर्क हा आहे. तरीही नौकांच्या मार्गांच्या या नोंदी, मच्छीमारांची ठिकाणे उघड न करता, तळजीवांच्या अभ्यासकांना देता आल्या, तर ‘गवेषणी’च्या काळातल्या ग्रॅबच्या नमुन्यांशेजारी ट्रॉलच्या फेऱ्यांचा आकडा प्रथमच लिहिता येईल.